नेत्रशिबिराकडून नेत्रधोरणाकडे



सुवर्णमहोत्सवी वर्ष हे जसे गौरवाचे, तसेच हिशेबाचेही असते. दिवाळीला वही बदलताना व्यापारी केवळ जमेची बाजू वाचून समाधान मानत नाही. येणे किती राहिले, तेही पाहतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात सेवाभावी संस्थांनी नेत्रशिबिरे भरविली, चष्मे वाटले, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा भार उचलला. ही झाली जमेची बाजू. परंतु दृष्टिरक्षणाचे कार्य दात्याच्या इच्छेवर आणि रविवारच्या सवडीवर कुठवर विसंबून राहावे, हा प्रश्न अद्याप येणे बाकीच्या पानावर आहे.

भारताने १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. पुढे १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबविला गेला. शाळेच्या वर्गात किंवा मंडपात होणाऱ्या शस्त्रक्रिया मागे पडल्या आणि शिबिरात तपासलेला रुग्ण सुसज्ज शस्त्रक्रियागृहात नेण्याची पद्धत रुळली. दानशूरता पूर्वीही होतीच. तिला शिस्त लाभली ती धोरणामुळे.

२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. पन्नाशी ओलांडलेल्यांत ते सुमारे २ टक्के होते आणि त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे आलेले होते. ज्या विकारावर खात्रीचा उपाय उपलब्ध आहे, त्याच विकाराने माणसे अंधारात राहावीत, यापरती खेदाची गोष्ट कोणती?

शिबिराची मर्यादाही ओळखली पाहिजे. मोतीबिंदू एका तपासणीत लक्षात येतो व एका शस्त्रक्रियेने दूर होतो. काचबिंदूचे तसे नाही. तो बहुधा वेदनेविना वाढतो आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात. रुग्णाला अंधुक दिसू लागेपर्यंत बरीच हानी झालेली असते. या दोन्ही विकारांत वर्षानुवर्षे नियमित तपासणी लागते. एका दिवसाच्या मंडपाला ते साधणारे नाही. फळ्यावरचे न दिसणारे मूल तर तक्रारही करीत नाही, कारण स्पष्ट दिसणे म्हणजे काय, हेच त्याला ठाऊक नसते. अशा मुलाला मंदबुद्धी ठरविले जाते. वस्तुतः त्याला केवळ चष्मा हवा असतो.

ठाणे जिल्ह्याचे स्वरूप पाहता ही गरज अधिक जाणवते. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. याच जिल्ह्यात भिवंडीचे यंत्रमाग कामगार आहेत आणि मुरबाड-शहापूरचे आदिवासी पाडेही आहेत. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे झाले, की मागावरचा तुटलेला धागा सापडत नाही आणि सुईत दोरा ओवला जात नाही. पाड्यावरच्या वृद्धेला शस्त्रक्रिया मोफत असली, तरी सोबत येणाऱ्या मुलाचा रोज बुडतो आणि एस.टी.चे भाडे पडतेच.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा नगरपालिकांचा विषय म्हणून नमूद आहे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही महापालिकांचीच आहेत. केंद्राच्या प्राथमिक आरोग्यसेवांच्या विस्तारित यादीत डोळ्यांच्या सामान्य विकारांचा समावेश आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही जुलै २०२१ मध्ये सर्वांसाठी दृष्टी हा ठराव एकमताने संमत केला. तेव्हा नेत्रसेवा मागणे ही याचना नव्हे, तो नागरिकाचा न्याय्य आग्रह आहे.

हा आग्रह चार कलमांत मांडता येईल. प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात ठरलेल्या वारी नेत्रतपासणी व्हावी. मधुमेहाच्या प्रत्येक नोंदणीकृत रुग्णाच्या डोळ्याच्या पडद्याची वर्षातून एकदा तपासणी व्हावी. शाळांतील तपासणी केवळ नोंदीवर न थांबता चष्मा मुलाच्या हाती पडेपर्यंत तिचा पाठपुरावा व्हावा. आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात नेत्रसेवेसाठी स्वतंत्र तरतूद असून तिचा विनियोग दरवर्षी जाहीर व्हावा. ज्या खर्चाचे खाते वहीत उघडलेले नसते, त्याचा जाब कोणी विचारीत नाही, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावयास नको.

याचा अर्थ शिबिरे बंद करावीत असा नाही. शिबिरे जिल्हा अंधत्व नियंत्रण यंत्रणेच्या समन्वयाने भरवावीत, रुग्णांची नोंदवही सांभाळावी, किती जण पुन्हा तपासणीस आले ते मोजावे. ट्रस्टने ही आकडेवारी निवेदनासोबत महापालिका आयुक्त व जिल्हाधिकारी यांच्यापुढे ठेवल्यास तिला वजन येईल. पाड्यावरून येणाऱ्या रुग्णाच्या सोबत्याचे भाडे व बुडालेला रोज भरून देणे, हेही दानाचे मोलाचे रूप ठरेल.

दानाने एका माणसाच्या डोळ्यांपुढचा अंधार दूर होतो. धोरणाने अनेकांपर्यंत तो पोहोचतच नाही. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांच्या वहीत या दोन्हींची जमा व्हावी, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र!