हात धरून उठवावें


महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्हीं निवडलेला विषय कित्येकांस उत्सवास न शोभणारा वाटेल. परंतु आपल्या धर्मग्रामांत अशीं घरें आहेत, कीं जेथें कोणी कंपवातानें थरथरत आहे, तर कोणाचें अर्धें अंग अर्धांगवायूनें लुळें पडलें आहे. हीं माणसें पूर्वीं मिस्सेस येत असत. आतां कित्येक येत नाहींत. त्यांच्याविषयीं, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांविषयीं, आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत.

आजारी माणसास हलूं न देणें ही आपल्याकडे प्रेमाची रीत आहे. "तुम्ही बसा, आम्ही आणून देतों," असें म्हणून आपण त्यांच्या हातांतील पेला आणि पायांखालची वाट दोन्ही काढून घेतों. हेतु थोर असतो. परंतु मज्जासंस्थेच्या विकारांत या प्रेमानें अपाय होतो. जो अवयव वापरला जात नाहीं त्याचे स्नायु क्षीण होतातच. शिवाय मेंदूंत त्या अवयवासाठीं असलेली जागाहि आकसूं लागते.

अर्धांगवायूचेंच पाहा. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, अथवा तेथें रक्तस्राव झाला, म्हणजे तेथील पेशी मरतात, व त्या परत येत नाहींत. तथापि उरलेल्या पेशी नवे जोड निर्माण करून गेलेल्या कामाचा कांहीं भार उचलूं शकतात. मात्र तें काम त्यांजकडे वारंवार मागितलें पाहिजे. एडवर्ड टाउब या अमेरिकन शास्त्रज्ञानें याच तत्त्वावर एक उपाय सिद्ध केला. धडधाकट हातावर जाड मोजा चढवून तो अडकवून ठेवावयाचा, आणि सर्व कामें दुबळ्या हाताकडून करून घ्यावयाचीं. ज्यांच्या मनगटांत व बोटांत थोडी तरी हालचाल शिल्लक होती, अशा २२२ रुग्णांवरील प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. दोन आठवड्यांच्या अभ्यासानें आलेला गुण एका वर्षानंतरहि टिकून होता.

कंपवाताची गोष्ट निराळी. लंडन येथील जेम्स पार्किन्सन या डॉक्टरानें १८१७ सालीं त्याचें वर्णन केलें. यांत डोपामिन नांवाचें द्रव्य निर्माण करणाऱ्या मेंदूंतील पेशी हळूहळू नष्ट होतात. हालचाल मंदावते, अंग ताठरतें, आणि दारापाशीं येतांच पाय जणुं जमिनीस खिळतात. व्यायामानें हा रोग बरा होत नाहीं, किंवा त्यामुळें औषध सोडतां येत नाहीं. तरी २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील प्रयोगांत १९५ रुग्ण होते. त्यांपैकीं ज्यांनीं ताई ची हा संथ चिनी व्यायाम आठवड्यांतून दोनदां, चोवीस आठवडे केला, त्यांचा तोल सुधारला. केवळ अंग ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षां ते कमी वेळां पडले. २०१८ सालच्या दुसऱ्या प्रयोगांत, औषध अद्याप सुरू न केलेले १२८ रुग्ण घेतले होते. त्यांपैकीं जे सहा महिने ट्रेडमिलवर जोरानें चालले, त्यांचीं हालचालीचीं लक्षणें फारशीं वाढलीं नाहींत. नेहमींप्रमाणें राहिलेल्यांचीं वाढलीं.

मग अडचण कोठें आहे? आमच्या मतें ती बहुधा लाजेंत आहे. हात कांपतो, लोक पाहतात, म्हणून रुग्ण घरांत दडतो. अशा वेळीं संत पोप दुसरे जॉन पॉल यांचें स्मरण करावें. डोंगर चढण्याची व बर्फावर स्की खेळण्याची ज्यांस हौस होती, ते १९८६ सालीं मुंबईस व गोव्यास आले, तेव्हां दमदार पावलांनीं चालत होते. पुढें त्यांस कंपवातानें गांठलें. तरी २००५ सालीं देहावसान होईपर्यंत ते वांकलेल्या देहानिशीं जगासमोर येत राहिले. ११ फेब्रुवारीचा जागतिक रुग्णदिन त्यांनींच १९९२ सालीं स्थापिला.

आतां कांहीं व्यवहाराच्या सूचना. प्रथम डॉक्टरांस विचारावें. झटका येऊन चोवीस तास झाले नाहींत तोंच रुग्णास पुनःपुन्हां उठवून चालवूं नये. अशी घाई हिताची नाहीं, हें २०१५ सालच्या एका मोठ्या प्रयोगांत दिसलें. कंपवाताच्या रुग्णानें औषधाचा गुण अंगांत असतां चालावें. पाय खिळले तर त्यास ओढूं नये. "एक, दोन" असा ठेका धरावा, ओळखीचें गीत गुणगुणावें, अथवा जमिनीवर खडूनें रेघ ओढून ती ओलांडावयास सांगावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं आठवड्यास निदान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली, ती अपंगांसहि लागू केली. तितकी न झाली तरी जेवढी होईल तेवढी हितकरच आहे.

प्रेषितांच्या कृत्यांत एक जन्मतः पांगळा मनुष्य आहे. लोक त्यास रोज उचलून मंदिराच्या सुंदर नांवाच्या दरवाजापाशीं आणून ठेवीत. तीहि सेवाच होती. परंतु त्या सेवेनें तो दाराबाहेरच राहिला. संत पेत्रानें त्याचा उजवा हात धरून त्यास उठविलें, आणि तो चालत आंत गेला. आपल्या हातून चमत्कार होणार नाहींत. हात धरणें मात्र होईल. म्हणून आमची विनंति इतकीच, कीं येत्या रविवारीं प्रत्येक आळींतील एकानें अशा एका रुग्णाच्या घरीं जावें, आणि त्यास शक्य असेल तेवढीं पावलें त्याच्याबरोबर, त्याच्याच गतीनें, ख्रिस्तमंदिराकडे चालावें. मिस्सेस चार मिनिटें उशीर झाला तरी चालेल. महोत्सवाची याहून चांगली मिरवणूक आम्हांस सुचत नाहीं.