रविवार कोणी मिळवून दिला?



मुंबईची गिरणी म्हटले की आपणां सर्वांस दत्ता सामंत आठवतात आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप आठवतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कित्येक गावी परतले ते कायमचेच. त्यांचा रोष मालकांइतकाच राष्ट्रीय मिल मजदूर संघावरही होता, कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये वाटाघाटीचा अधिकार त्या एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे होता. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. असा घाव स्मरणात रुतून बसतो, हे स्वाभाविकच आहे.

परंतु याच गिरणीतल्या माणसांनी जे जिंकले, त्याचे काय?

नारायण मेघाजी लोखंडे हे मूळचे आपल्याच पुणे जिल्ह्यातील, खेड तालुक्यातील कन्हेरसरचे. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक. (वृत्तपत्रात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला त्यांच्याविषयी थोडी अधिक आपुलकी वाटते, हे मान्य करतो.) सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांची सभा भरविली. मागण्या कोणत्या होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई. साडेपाच हजार कामगारांनी त्या निवेदनावर सह्या-अंगठे केले.

रविवारच का? लोखंड्यांचे उत्तर अस्सल मराठी होते : तो खंडोबाचा वार. साहेबाला चर्चसाठी रविवार मिळतो, तर जेजुरीच्या भक्ताला का नको? २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. तेथे दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १८९० साली! अखेर १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

२००५ मध्ये लोखंड्यांचे टपाल तिकीट निघाले. तळेगावच्या कारखान्यात कंत्राटावर जाणाऱ्या किती तरुणांनी मात्र हे नाव ऐकले आहे? साप्ताहिक सुट्टी त्यांना ठेकेदाराची मेहेरबानी वाटते.

आंबीत आणि आसपास ज्यांच्या घरी आजोबांचे गिरणीचे ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये. ज्या आजीबाई गिरणीत होत्या, त्यांना या आठवड्यातच विचारा : सुट्टीच्या दिवशी तुम्ही काय करीत होतात? आणि जे सांगतील, ते लिहून ठेवा.