शाळेतील सौर दिवे आणि तारेची जाडी
(केंद्रसंमेलनात केलेले भाषण)



जेथे विजेची लाईन पोहोचलेली नाही किंवा पोहोचूनही भरवशाची नाही, अशा पाड्यांवरील शाळांत सौर संच बसविण्याचे काम आपल्याकडे येते. पॅनेल किती वॅटचे, बॅटरी कोणती, यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु या दोहोंना जोडणारी तार कोणती, हा प्रश्न बहुधा वायरमनवर सोपविला जातो. काम समाधानकारक झाल्याच्या दाखल्यावर मात्र सही मुख्याध्यापकाची असते. म्हणून या विषयाचे गणित आपणांस अवगत असावयास हवे. आणि ते शालेय गणितापलीकडचे नाही.

प्रथम मुख्य गोष्ट सांगतो. घरातील वीज २३० व्होल्टची असते. लहान सौर संच बहुधा १२ व्होल्टचा असतो. दोन पंखे प्रत्येकी २६ वॅटचे आणि दोन दिवे प्रत्येकी १० वॅटचे धरले, तर एकूण ७२ वॅट होतात. २३० व्होल्टवर यासाठी अँपिअरचा सुमारे तिसरा हिस्सा पुरतो; १२ व्होल्टवर ७२ भागिले १२, म्हणजे ६ अँपिअर लागतात. काम तेवढेच, परंतु प्रवाह जवळजवळ एकोणीसपट. म्हणूनच घराच्या वायरिंगची सवय येथे उपयोगी पडत नाही.

तारेतून प्रवाह जाताना तारेच्या रोधामुळे काही दाब वाटेतच खर्च होतो. प्रवाह गुणिले रोध म्हणजे हा खर्च. हा नियम गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. ते स्वतः शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असत, हे आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. तार जितकी लांब तितका रोध अधिक. तिचे क्षेत्रफळ जितके मोठे तितका रोध कमी. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७५ ओहम असतो.

आता उदाहरण घेऊ. बॅटरी कार्यालयात आहे आणि वर्गखोली १० मीटर दूर आहे. प्रवाह एका तारेने जातो व दुसरीने परततो. म्हणून लांबी २० मीटर धरावयाची. पुष्कळांचे गणित येथेच चुकते. दीड चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर

रोध = ०.०१७५ × २० ÷ १.५ = ०.२३३ ओहम
दाबातील घट = ०.२३३ × ६ = १.४ व्होल्ट

म्हणजे वर्गात १२ ऐवजी १०.६ व्होल्टच पोहोचतात. पंखा मंदावतो, दिवा निस्तेज होतो. तारेत वाया जाणारी शक्ती ६ × १.४ = ८.४ वॅट, म्हणजे जवळजवळ एका दिव्याइतकी. ही तार ६ अँपिअरने धोकादायक तापणार नाही; म्हणून वायरमन ती 'चालेल' म्हणेल. ती चालेल, पण मुलांच्या वाचनाचा उजेड घटवून चालेल.

घट शेकडा ३ पेक्षा अधिक नसावी, असा मापदंड सोयीचा आहे. १२ व्होल्टवर ती ०.३६ व्होल्ट होते. तेव्हा

क्षेत्रफळ = ०.०१७५ × २० × ६ ÷ ०.३६ = ५.८३

बाजारात १, १.५, २.५, ४, ६ व १० चौरस मिलिमीटर अशी मापे मिळतात. उत्तराच्या लगतचे मोठे माप, म्हणजे ६, घ्यावे. हा खर्च जड वाटल्यास दोन उपाय आहेत. बॅटरी वर्गापासून ५ मीटरवर आणल्यास ४ ची तार पुरते. किंवा मूळ संचच २४ व्होल्टचा मागवावा. मग प्रवाह ३ अँपिअर होतो, घटीची मर्यादा ०.७२ व्होल्ट होते, आणि तेवढ्याच अंतराला दीडची तार पुरी पडते. दाब दुप्पट केला की तांबे चौथ्या हिश्शावर येते.

चार्ज कंट्रोलर व बॅटरी यांमधील तार तर आखूड आणि जाडच असावी. तेथे दाब घटला, तर बॅटरी भरण्यापूर्वीच ती भरली असे कंट्रोलरला वाटते व तो प्रवाह आवरता घेतो. शिसे-आम्लाची बॅटरी नेहमी अर्धपोटी राहिली की तिचे आयुष्य खुंटते. मग दोष बॅटरीला दिला जातो.

१२ व्होल्टचा झटका सहसा बसत नाही, म्हणून धोका नाही, हा समज घातक आहे. बॅटरीच्या दोन टोकांचा थेट संबंध आला, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून तार लाल होते व आग लागते. म्हणून बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा, आणि तो तारेच्या क्षमतेपेक्षा कमीचा हवा. इन्व्हर्टर असल्यास त्याच्या माहितीपत्रकात दिलेल्या जाडीपेक्षा बारीक तार कदापि स्वीकारू नये.

तार खरोखर तेवढीच आहे काय, हे पाहणेही सोपे आहे. एक धागा पेन्सिलीवर लगटून वीस वेढे गुंडाळा व फूटपट्टीने रुंदी मोजा. ती ६ मिलिमीटर भरली, तर धाग्याचा व्यास ०.३ मिलिमीटर झाला. वर्तुळाच्या सूत्राने एका धाग्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.०७ येते; असे २२ धागे असतील तर तार दीडची होय. धागा ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरे दिसले, तर ते शुद्ध तांबे नव्हे. तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे, आणि त्याचा रोध पुष्कळच अधिक असतो.

ही मोजणी मुलांकडून करवून घ्यावी. वर्तुळाचे क्षेत्रफळ कशासाठी शिकावयाचे, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच वर्गाच्या भिंतीवर आहे. अंतर, प्रवाह व तारेचे माप एका कागदावर लिहून तो संचाजवळ लावावा, आणि पुढील दाखल्यावर सही करण्यापूर्वी तो वाचावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.