आधी मूल ओळखावे, मग पुस्तक द्यावे



पाचवी ते आठवीच्या वर्गात छोटे ग्रंथालय सुरू करायचे, तर त्यात कोणती पुस्तके ठेवावीत, हा आजचा विषय आहे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, हे आपण सारे जाणतो. परंतु गुरुजींनी त्याआधीच, बागेत वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्याची आपुलकीने चौकशी करून त्याला पुस्तके देण्यास सुरुवात केली होती. आधी मूल ओळखावे, मग पुस्तक द्यावे, हाच त्यातला धडा आहे.

आपल्याकडे बहुधा उलटे घडते. मोठ्यांचे जाडजूड ग्रंथ आपण मुलांच्या कपाटात भरतो, वर कुलूप लावतो आणि मुले वाचत नाहीत म्हणून टीव्ही-मोबाईलला दोष देतो. आपली वस्ती, आपली बोली, आपल्या आईचे कष्ट कधीच छापलेले दिसले नाहीत, तर पुस्तक ही दुसऱ्यांची वस्तू आहे असा मुलाचा समज होतो. मग शाळेतूनही मन उडायला वेळ लागत नाही.

म्हणून पहिले नाव आम्ही बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’चे सुचवतो. ही पुस्तिका लहानशी असून तिचा मराठी अनुवादही झाला आहे. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली मुले, मसूर स्टेशनवर घ्यायला न आलेले माणूस आणि पाण्यावाचून काढलेली रात्र त्यात आहे. बाबासाहेब तेव्हा पाचवीतल्या मुलाच्याच वयाचे होते. दुसरे वाचन मुक्ता साळवे हिच्या निबंधाचे. फुले दांपत्याच्या शाळेतील या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. भाषा जुनी आहे, तेव्हा शिक्षकांनी तो समजावून वाचावा. तिसरे, वसंत मून यांचे ‘वस्ती’. त्यात आपल्याच नागपुरातले बालपण आहे. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मधील संस्कृत शिकण्याची हकीकत मुलींना जरूर ऐकवावी. ही दोन्ही पुस्तके मोठ्यांसाठी असल्याने त्यांतील निवडक भागच घ्यावा.

मात्र कपाटात केवळ दुःख भरू नये. हसण्याचा आणि हुंदडण्याचा हक्क आपल्याही मुलांना आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे त्यांना भेटलाच पाहिजे. जपानचे ‘तोत्तोचान’ही ठेवावे. एका शाळेने काढून टाकलेल्या मुलीचे बोलणे दुसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक तासन्‌तास ऐकतात, हे वाचून मुलांना धीर येईल आणि शिक्षकांनाही काही सुचेल.

सुरुवातीला तीस-चाळीस पुस्तके पुरेत. ती मुलांच्या हाताला येतील अशी उघडी ठेवावीत. नोंदवही मुलांकडेच द्यावी. पान फाटले तर दंड नको, ते चिकटवायला शिकवावे. रोज पंधरा मिनिटे शिक्षकांनी मोठ्याने वाचावे. पुस्तक आवडले नाही, असे म्हणण्याची मुभाही मुलाला असावी.

धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात. आपण तेथून स्वतःसाठी ग्रंथ घेतोच. यापुढे प्रत्येक कुटुंबाने एक पुस्तक मुलांसाठी घ्यावे, घरात वाचून झाले की जवळच्या शाळेतील एखाद्या वर्गाला द्यावे, एवढी विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!