मासा कोठे आहे हे कळल्यावर



आपल्या जुन्नर-आंबेगावला समुद्र नाही. पण डिंभ्याचा जलाशय आहे. घोड नदीवर धरण झाले, आदिवासींची शेते बुडाली, आणि पुढे त्याच लोकांनी सहकारी संस्था काढून तेथे मासेमारी सुरू केली. म्हणून कोकणात काय चालले आहे, ते आपणही समजून घेतले पाहिजे.

हैदराबादची 'इन्कॉइस' ही १९९९ साली स्थापन झालेली सरकारी संस्था उपग्रहाच्या साहाय्याने समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य मोजते. जेथे चारा तेथे मासा. जाळे कोठे टाकावे, याची सूचना मच्छिमाराला मोबाइलवर मराठीत मिळते. डिझेल वाचते. (आभाळ भरून आले, की उपग्रहालाही दिसत नाही, ही गोष्ट वेगळी!)

पण तीच सूचना मोठ्या ट्रॉलरला मिळते आणि रत्नागिरीच्या दालदी बांधवाच्या लहान होडीलाही. आधी कोण पोहोचणार, हे सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने बेकायदा मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवण्यास सुरुवात केली, हे योग्यच झाले. तरी जाळ्यात कोवळा पापलेट किती आला, हे ड्रोनला कळत नाही. टोपली उतरवणाऱ्याला कळते. त्याने मासा मोजपट्टीवर ठेवून फोटो घेतला, तारीख, जागा व वजन मोबाइलवर नोंदले, आणि ती नोंद त्याच्याच संस्थेच्या ताब्यात राहिली, तर अधिकाऱ्यापुढे बोलताना गावाजवळ पुरावा असेल.

विद्यार्थी मित्रांनो, दहावी झालेल्या मुलामुलींना हे काम सहज येईल. सुट्टीत डिंभ्याला जा. मोबाइल खिशातच ठेवा, आणि बोटुकली केव्हा सोडतात, कोणत्या आसाचे जाळे वापरतात, हे आधी तेथील मच्छिमारांना विचारा.