सामाईक गच्ची आणि नवी यंत्रे

स्वतंत्र घरात राहणाऱ्या गृहस्थाला छपरावर पाण्याची टाकी चढवावीशी वाटली, तर त्याला फार तर घरातल्या माणसांची संमती घ्यावी लागते. पैसा त्याचा, छप्पर त्याचे, आणि उद्या टाकी गळू लागली तर ओल धरणारी भिंतही त्याचीच. तीच टाकी मुंबईतल्या, पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर बसवायची असेल, तर मात्र नोटीस काढावी लागते, सभा बोलवावी लागते, दरपत्रके मागवावी लागतात. कोणी ठराव मांडतो, कोणी त्याला अनुमोदन देतो, आणि कोणी तरी हटकून विचारतो की जुन्या टाकीला काय झाले आहे. या विलंबाची थट्टा करणे सोपे आहे. पण तिच्या मुळाशी एक गंभीर गोष्ट आहे. जेथे गच्ची सर्वांची असते, तेथे तिच्यावर येणारे प्रत्येक यंत्र आपल्याबरोबर काही प्रश्नही घेऊन येते : खर्च कोणाचा, लाभ कोणाचा, आणि किल्ली कोणाच्या हाती?

हे प्रश्न आजचे नाहीत. आपल्या देशात सहकारी संस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. तो केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना वाट मोकळी करून दिली, आणि १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांची दृष्टी व चिकाटी होती. मुंबईत नोकरीसाठी आलेल्या, पगार बेताचा असलेल्या मध्यमवर्गीय माणसाला एकट्याने जमीन घेणे आणि घर बांधणे अशक्य होते. अनेकांनी मिळून ते शक्य करावे, ही त्यामागची साधी कल्पना. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आला, आणि २०१९ साली त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. आज राज्यात अशा संस्थांची संख्या लाखाच्या वर आहे. एका सभासदाला एक मत, मग त्याचे घर दोन खोल्यांचे असो की पाच खोल्यांचे, हे या सर्वांचे अधिष्ठान आहे.

या अधिष्ठानाची पहिली मोठी कसोटी पाहिली ती लिफ्टने. इमारती उंच होऊ लागल्या, जिने चढणे वृद्धांना आणि आजाऱ्यांना अशक्य होऊ लागले, आणि तळमजल्यावरचा सभासद सभेत उभा राहिला. त्याचे म्हणणे असे, की ज्या पाळण्यात आपण कधी पाऊल ठेवत नाही, त्याचा खर्च आपण का सोसावा? वरकरणी त्याचे म्हणणे बिनतोड वाटते. परंतु संस्थांच्या आदर्श उपविधींनी त्याला निःसंदिग्ध उत्तर दिले आहे. ज्या इमारतीत लिफ्ट आहे, तेथील सर्व सभासदांनी तिच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च समान वाटून घ्यावयाचा. मग ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत. लिफ्ट ही पाचव्या मजल्याची मालमत्ता नसून इमारतीची आहे, असा याचा अर्थ. गच्ची जशी केवळ वरच्या मजल्याची नव्हे आणि अंगण जसे केवळ खालच्या मजल्याचे नव्हे, तशीच ती.

पण हाच न्याय पाण्याला लावलेला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पाणीपट्टीची वाटणी प्रत्येक घरातल्या नळजोडण्यांची संख्या आणि त्यांचा आकार पाहून करावी, असे उपविधी सांगतात. म्हणजे एका यंत्राच्या बाबतीत समानता हा न्याय, तर दुसऱ्याच्या बाबतीत उपभोग हे माप. यात विसंगती नाही. कोणती वस्तू सर्वांच्या आधारासाठी आहे आणि कोणती ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वापरली जाते, याचा विवेक त्यात आहे. नवे यंत्र आले की संस्थेने पहिल्याने हाच विवेक करावयाचा असतो.

यंत्राला म्हातारपणही असते, आणि त्याचीही तरतूद या नियमांनी केली आहे. बांधकामाच्या खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी आणि किमान पाव टक्का निक्षेप निधीसाठी सभासदांकडून घ्यावा, असा दंडक आहे. तो कागदावर जेवढा स्पष्ट तेवढाच व्यवहारात उपेक्षित. आजचा मासिक आकार दहा रुपयांनी कमी ठेवला म्हणून टाळ्या घेणारी समिती पुष्कळदा पंधरा वर्षांनंतरच्या समितीच्या माथी मोडकी लिफ्ट आणि रिकामी तिजोरी ठेवून जाते. उद्घाटनाला नारळ फोडणारे हात पुष्कळ असतात. ग्रीस लावणारे हात शोधावे लागतात.

पाण्याचा पंप घ्या. शहरात महापालिकेचे पाणी बहुधा ठराविक वेळी येते. ते जमिनीखालच्या टाकीत साठवून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवावे लागते. पूर्वी या कामावर एक माणूस असे. पहाटे उठून पंप चालू करणे, टाकी भरली की बंद करणे, कोणती चावी कोणत्या मजल्याची हे तोंडपाठ ठेवणे, ही त्याची विद्या. मग पाण्याची पातळी ओळखून आपोआप चालू-बंद होणारे यंत्र आले. टाकी वाहून पाणी वाया जाणे थांबले, पहाटेची झोपमोड टळली. लाभ उघड होता. पण त्याबरोबरच चाव्यांची ती विद्याही लोप पावली. ज्या दिवशी ते स्वयंचलित यंत्र बिघडते, त्या दिवशी सारी इमारत कोरड्या नळाकडे पाहत राहते, आणि कोणती चावी कोठे हे सांगणारा कोणी उरलेला नसतो. यंत्र घेताना त्याचे ज्ञान निदान दोघा-तिघा सभासदांनी आपल्याकडे ठेवावे, त्याचा नकाशा संस्थेच्या दप्तरात असावा, ही खबरदारी क्षुल्लक वाटते. पण तिच्यावाचून संस्था यंत्राची धनी न राहता दुरुस्ती करणाऱ्याची आश्रित बनते.

गच्चीने आणखी एक धडा दिला आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि हळूहळू गच्च्यांवर अँटेनांचे रान माजले. प्रत्येकाची काठी वेगळी, प्रत्येकाची तार वेगळी. काठी रोवण्यासाठी गच्चीला पाडलेल्या भोकांतून पावसाळ्यात वरच्या मजल्याच्या छतावर उमटणारी ओल मात्र सामाईक खर्चाची. पुढे केबलच्या तारा आल्या, त्यामागून तबकड्या आल्या. जे एका खांबाने साधले असते, ते प्रत्येकाने स्वतंत्रपणे करू पाहिल्यामुळे गच्चीची ही दशा झाली.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर स्वीडनकडे पाहावे. तेथे १९२३ साली स्टॉकहोममधील भाडेकरूंच्या चळवळीतून एचएसबी नावाची सहकारी गृहसंस्था उभी राहिली. सामान्य कामगाराच्या घराला स्नानगृह मिळावे, केरासाठी इमारतीत नळकांडे असावे, आणि सर्वांसाठी एक सोयीची धुलाईची खोली असावी, असा आग्रह तिने धरला. एकट्या कुटुंबाला न परवडणारी सोय अनेकांनी मिळून, आळीपाळीने वापरावी, हा विचार त्यामागे होता. धुलाईच्या खोलीत आपली पाळी लिहून ठेवण्याची पद्धत त्या देशाच्या शेजारधर्माचाच एक भाग बनली. यंत्राने शेजाऱ्यांना दूर लोटलेच पाहिजे, असा काही नियम नाही.

आज आपल्या गच्च्यांवर सौर पॅनेल येत आहेत, आणि अँटेनांच्या वेळची चूक सुधारण्याची संधी त्यांच्या रूपाने आली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी दर किलोवॉटला १८,००० रुपये साहाय्य ठेवले आहे. त्याची मर्यादा ५०० किलोवॉटपर्यंत आहे, आणि विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या भारणाची सोयही तीत धरली आहे. जिन्यातले दिवे, पंप आणि लिफ्ट यांचे बिल उन्हाने फेडावे, याहून रम्य कल्पना कोणती? तरीही सभेत प्रश्न उठतातच, आणि ते उठावेत. पॅनेलचे आयुष्य सुमारे पंचवीस वर्षांचे. इमारत चाळीस वर्षांची झाली असून पुनर्विकासाची बोलणी चालू असतील, तर आजचा खर्च कोणाच्या कामी येणार? वाहन असलेल्या दहा सभासदांसाठी बसवलेल्या भारणयंत्राची वीज वाहन नसलेल्या चाळीस जणांच्या माथी पडू नये, यासाठी वेगळा मीटर कोण लावणार? असे विचारणाऱ्याला प्रगतीचा विरोधक समजण्याची घाई करू नये. तो तळमजल्यावरच्या त्या जुन्या सभासदाचाच वारस आहे. त्याला उत्तर दिल्यानेच लिफ्टचा नियम स्पष्ट झाला.

आतापर्यंतची यंत्रे पाणी चढवणारी, माणसे चढवणारी किंवा वीज देणारी होती. अलीकडची यंत्रे माणसाकडे पाहणारी आहेत. फाटकावर कॅमेरा असतो. आल्या-गेल्याचे नाव, छायाचित्र आणि वेळ मोबाइलच्या साहाय्याने टिपली जाते. चोरी झाली तर शोध लागतो, एकाकी वृद्धाच्या घरी कोण आले ते कळते. हे लाभ खोटे नाहीत. परंतु टिपले जाते कोणाचे? सभासदाचे क्वचित, बहुतेक वेळा धुणीभांडी करणाऱ्या बाईचे, दूधवाल्याचे, टपाल आणणाऱ्याचे. ती बाई किती वाजता आली, कोणत्या घरी किती वेळ होती, हे साऱ्या इमारतीला ठाऊक. आणि ज्या सभेत हे ठरले, तीत तिला मत नाही. लिफ्टच्या वादात तळमजल्याच्या माणसाला निदान उभे राहून बोलता आले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. पण कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. ही नोंद किती दिवस ठेवायची, कोणी पाहायची आणि केव्हा पुसायची, एवढे तरी ठरावात लिहिणे हा साधा सुसंस्कृतपणा आहे. ज्याला मत नाही त्याची काळजी मत असणाऱ्यांनीच घ्यावी लागते.

सर्वांत खोल बदल मात्र खुद्द सभेतच होऊ लागला आहे. जिन्याखालचा सूचनाफलक मोबाइलवर गेला. हिशेब संगणकावर आला, आणि पावतीसाठी खजिनदाराच्या घरी खेपा घालणे संपले. हिशेब चार जणांच्या दप्तरातून सर्वांच्या डोळ्यांसमोर येणे हा सहकाराचा विजयच म्हटला पाहिजे. २०२० साली करोनाच्या साथीने माणसांना घरात कोंडले, तेव्हा पुढे दृक्‌श्राव्य साधनांनी सभा घेण्याचीही मुभा मिळाली. परदेशात नोकरी करणारा सभासद सभेत दिसू लागला. ज्या संस्थांत दोनतृतीयांश किंवा वीस यांपैकी कमी असलेली गणसंख्या जमण्याची मारामार असते, आणि अर्धा तास सभा तहकूब करण्याचा सोपस्कार करावा लागतो, तेथे हे वरदानच. परंतु त्याच वेळी पहिल्या मजल्यावरची एखादी विधवा, जिने तीस वर्षे एकही सभा चुकवली नव्हती, ती पडद्यावरचे कोणते चिन्ह दाबावे हे न कळल्याने गप्प राहिली असेल, तर सभेने एक माणूस मिळवला आणि एक गमावला. प्रत्यक्ष सभेत वर केलेला हात सर्वांना दिसतो. पडद्यावर दाबून ठेवलेला आवाज कोणालाच ऐकू येत नाही. म्हणून दूरच्यांसाठी पडदा असावा आणि जवळच्यांसाठी सतरंजीही असावी. एकीने दुसरीची जागा घेऊ नये.

हा विचार केवळ मोठ्या शहरांपुरता आहे, असेही कोणी समजू नये. बुंदेलखंडासारख्या पाण्याच्या दुर्भिक्ष्याच्या मुलखात, झाशी जिल्ह्यातील गरौठ्यासारख्या तहसिलीत, ज्याचे घर त्याचे आणि ज्याचे छप्पर त्याचे असते. पण २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन योजनेने नळ घरोघरी नेण्याचे ठरवले, तेव्हा गावोगाव पाणी समितीची कल्पनाही तिला मांडावी लागली : दहा ते पंधरा सभासद, त्यांत निदान निम्म्या स्त्रिया, आणि पाण्याची तपासणी करण्यासाठी गावातल्याच पाच स्त्रियांना शिक्षण. नळ सामाईक झाला की गावालाही सभा भरवावी लागते. पंप कोणी चालवायचा, पट्टी कोणी भरायची, न भरणाऱ्याचे काय करायचे, हे शहरातल्या इमारतीचे प्रश्न तेथेही त्याच क्रमाने उभे राहतात.

तेव्हा नव्या यंत्राला भिण्याचे कारण नाही, आणि त्याच्यापुढे दिपून जाण्याचेही नाही. यंत्र बाजारात मिळते. ते सर्वांचे कसे व्हावे, हे मात्र बाजारात मिळत नाही. ते दरवर्षी सप्टेंबर संपण्यापूर्वी भरणाऱ्या त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या सर्वसाधारण सभेतच ठरते. तेथे कोणी लांबण लावतो, कोणी जुनी उणीदुणी काढतो, चहा थंड होतो, आणि तरीही शेवटी इतिवृत्तात एक ओळ लिहिली जाते : ठराव एकमताने मंजूर. त्या ओळीपर्यंत पोचण्यास जो वेळ लागतो, तो वाया गेलेला वेळ नव्हे. एका छपराखाली राहणाऱ्या माणसांनी एकमेकांना दिलेला तो वेळ असतो.