मिर्काचा ओला रंग



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही बोनसवर नाहीतर कंत्राटी कामगारांवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. त्या विषयांवर आम्ही कारखान्यांच्या फाटकाशी वर्षभर बोलतच असतो. तेथे मांडवही लागत नाही आणि हारही लागत नाही. आज आम्ही एका जुन्या विलायती टेलिव्हिजन-मालिकेतील एका फसलेल्या कथेविषयी बोलणार आहोत. पुढच्या रांगेतील काही मंडळींनी एकमेकांकडे पाहिलेले आम्हाला दिसले. थोडा धीर धरावा. विषय फिरून कामाच्या जागीच येणार आहे. आम्हाला दुसरीकडे फार वेळ राहताच येत नाही.

मालिकेचे नाव 'डॉक्टर हू'. बी.बी.सी.ने ती २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली, १९८९ साली बंद केली आणि २००५ साली पुन्हा सुरू केली. डॉक्टर नावाचा परग्रहावरचा एक गृहस्थ पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून काळाच्या मागेपुढे हिंडतो, एवढे कळले म्हणजे पुरे. मरणाच्या दारी पोचला की त्याचा चेहरा बदलतो; त्यामुळे नट बदलला तरी मालिका चालूच. जुन्या मालिकेपाशी पैसा बेताचाच असे. रबर, फोम, पुठ्ठा आणि रंग यांवर सारे विश्व उभे करायचे. गणेशोत्सवातील देखाव्यांसाठी ज्यांनी रात्री जागवल्या आहेत, त्यांना ही विद्या नवी नाही.

आम्ही इंग्रजी शिकलो ते औद्योगिक विवाद कायद्याच्या पुस्तकांवरून आणि मालकांकडून आलेल्या पत्रांवरून. शाळेने आम्हाला आठवीतच निरोप दिला होता. तेव्हा दोन इंग्रज भरभर बोलू लागले की आमची पंचाईत होते. पण आमच्या पुतण्याने ही मालिका संगणकावर लावली, खाली अक्षरे उमटत होती, आणि त्यांच्या आधाराने आम्ही बरेच भाग पाहिले. एके दिवशी तो म्हणाला, "काका, आता सगळ्यांत टाकाऊ गोष्ट बघा, हसून हसून पोट दुखेल."

ही गोष्ट म्हणजे 'वॉरियर्स ऑफ द डीप'. चार भागांची. ५ जानेवारी ते १३ जानेवारी १९८४ या दिवसांत ती प्रथम दाखविली गेली. लेखक जॉनी बर्न, दिग्दर्शक पेनंट रॉबर्ट्स, डॉक्टरच्या भूमिकेत पीटर डेव्हिसन. काळ २०८४ सालचा. जगात दोन गट एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसले आहेत, आणि समुद्राच्या तळाशी एका गटाचा क्षेपणास्त्रांचा तळ आहे. मनुष्यजातीच्या पूर्वी पृथ्वीवर नांदलेले सरपटणाऱ्या वंशाचे बुद्धिमान प्राणी दीर्घ निद्रेतून उठून या तळावर चालून येतात. दोन्ही गटांना आपसांत लढवून माणूस संपवायचा आणि आपली पृथ्वी परत घ्यायची, हा त्यांचा बेत. त्यांनी शस्त्र म्हणून पाळलेला एक अजस्र जलचर आहे, त्याचे नाव मिर्का. त्याचा स्पर्श झाला की विजेचा धक्का बसून माणूस मरतो.

निदान कागदावर तसे लिहिलेले आहे. पडद्यावर येते ती हिरव्या रंगाची, चार पायांची, डुलत डुलत चालणारी एक सोंगातली गाय. पुढच्या पायांना जायचे असते, मागच्या पायांचा विचार ठरलेला नसतो. मिर्का पोलादी दरवाजा फोडतो तेव्हा तो दरवाजा गादीसारखा वाकतो. एक डॉक्टरीणबाई या राक्षसापुढे कराटेचा पवित्रा घेऊन लाथ झाडते. पुतण्या खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. आम्हीही हसलो, ते लपवीत नाही.

मागाहून मात्र आम्हाला राहवेना. ज्या संस्थेत इतकी कसबी माणसे होती, तिच्या हातून असा माल बाहेर का पडला? नापास मालाची चौकशी करणे हा आमचा धंदाच आहे. म्हणून मिळेल ते वाचले.

ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी मे १९८३ मध्ये सार्वत्रिक निवडणूक जाहीर केली. मतदान ९ जूनला ठरले. निवडणुकीच्या कार्यक्रमांसाठी बी.बी.सी.ला आपले स्टुडिओ हवे झाले आणि ठरलेली वेळापत्रके उलटीपालटी झाली. या कथेचे काम अलीकडे ओढले गेले, आणि तयारीचे सुमारे दोन आठवडे नाहीसे झाले. मिर्का बनविणाऱ्यांचे हात त्यात अडकले. सोंग तयार होऊन स्टुडिओत आले तेव्हा त्याचा रंगही वाळला नव्हता. तो नटांच्या कपड्यांना लागत होता. आत जे दोन कलावंत होते, त्यांना सोंगाची सवय नव्हती असे नाही. 'रेंटाघोस्ट' नावाच्या मुलांच्या विनोदी मालिकेत दोन माणसांचा घोडा होत असे, तो हेच दोघे होत. कसबी माणसे होती, पण या कातड्यात शिरून चार पावले टाकून पाहण्याइतका वेळही त्यांच्या वाट्याला आला नाही.

येथे आम्हाला आमचा एक जुना खटला आठवला. एका कारखान्यात विजेच्या पॅनेलच्या पत्र्याच्या पेट्या होत असत. पेटी धुवायची, प्रायमर मारायचा, रंग मारायचा, भट्टीत भाजायची, निवू द्यायची आणि मग बांधायची, असा क्रम. एका मार्चअखेरीस माल शुक्रवारऐवजी मंगळवारी हलवायचे ठरले. भट्टीतली वेळ निम्मी झाली, निवण्याची वेळ उडालीच. गिऱ्हाइकाने पेट्या उघडल्या तो रंगाबरोबर कागद निघून आला. दोघा रंगाऱ्यांना निष्काळजीपणाची चार्जशीट मिळाली. चौकशीत आम्ही त्यांच्या बाजूने उभे होतो. रंगाविषयी आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. डिस्पॅचचे रजिस्टर तेवढे मागितले. त्यात एक तारीख खोडून दुसरी घातलेली होती, आणि खाली सही रंगाऱ्याची नव्हती. चार्जशीट मागे घेतली गेली. पण त्या दोघांतल्या एकाला 'ओला रंगारी' हे नाव पडले ते पडलेच. निवृत्त होईपर्यंत त्याला पोरेसोरे त्या नावाने हाक मारीत. आजही तो आम्हाला भेटला की त्या रजिस्टराची गोष्ट काढतो.

आता या मालिकेचे काही भक्त युनियनला दोष देतात, तेही सांगायला हवे. स्टुडिओत रात्री दहाला काम थांबे. ओव्हरटाइम आधी मंजूर नसेल तर वीजवाले दिवे मालवीत, मग राक्षस अर्ध्यात असो की नायिका. १९७९ साली तर बी.बी.सी.तील औद्योगिक तंट्यामुळे डग्लस ॲडम्सने लिहिलेली 'शादा' ही कथा निम्मी-अर्धी होऊन सोडून द्यावी लागली. ते नुकसान खरेच झाले, आणि युनियनवाला म्हणून आम्ही ते नाकारणार नाही. परंतु दहाचा नियम वर्षभर सर्वांना माहीत होता. त्याच्या हिशेबाने काम आखता येत होते. मे महिन्यात अचानक गेलेले दोन आठवडे कोणालाच आखता आले नाहीत. तरी पडद्यावर नालस्ती झाली ती रबर शिवणाऱ्यांची आणि रबरात चालणाऱ्यांची.

सगळेच खापर वेळेवरही फोडता येणार नाही. बर्नच्या कल्पनेतला तळ अंधारा, कळकट, युद्धाने थकलेला होता. पडद्यावर तो दवाखान्यासारखा पांढराशुभ्र आणि दिव्यांनी लखलखीत आहे. काळोखात मिर्का कदाचित खपून गेला असता. त्या उजेडात त्याची शिवण न् शिवण दिसते.

हे वाचल्यावर आम्ही कथा पुन्हा लावली, आणि या खेपेस मिर्का सोडून बाकीचे पाहिले. तेथे मॅडॉक्स नावाचा एक तरुण आहे. तळावरील क्षेपणास्त्रे सोडण्यासाठी एका माणसाचा मेंदू यंत्राला जोडावा लागतो. ते काम करणारा माणूस मेला आहे, म्हणून शिक्षण पुरे न झालेल्या या उमेदवाराला त्या खुर्चीत बसवले आहे. आपण तयार नाही असे तो सांगतो. वरिष्ठ ऐकून घेतात आणि त्याला बसवतात. सरावाचाच इशारा होतो, पण तो सराव आहे हे त्याला ठाऊक नसते. काम संपताच तो कोसळतो. मग शत्रूचे हेर त्याच्या या दुबळेपणाचा फायदा घेऊन त्याचे मनच ताब्यात घेतात. मंडळी, प्रेसवर अप्रेंटिस बसवून बोटे गेलेली पोरे आम्ही इस्पितळात पाहिली आहेत. या प्रसंगाला आम्हाला हसू आले नाही, पुतण्यालाही नाही.

हे प्राणी मूळचे माल्कम हल्क या लेखकाचे. १९७० आणि १९७२ सालच्या दोन कथांत त्याने ते आणले. हल्क डाव्या विचारांचा, काही काळ ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचा सभासद. पृथ्वीवर आधीचा हक्क कोणाचा, हा त्याचा सवाल होता. ('सायलुरियन' हे त्यांचे नाव भूगर्भशास्त्राला धरून नाही, त्या युगात सरपटणारे प्राणी नव्हते. ही चूक १९७२ च्या कथेत स्वतः डॉक्टरच कबूल करतो.) १९७० साली लष्कर त्यांना गुहेसकट उडवून देते. १९८४ साली खुद्द डॉक्टरला विषारी वायू सोडावा लागतो, आणि शेवटी प्रेतांच्या मधोमध उभा राहून, दुसरा मार्ग असायला हवा होता, अशा अर्थाचे तो काही पुटपुटतो.

ज्या निवडणुकीने या कथेचे दोन आठवडे नेले, तीत अण्वस्त्रांचाच वाद पेटला होता. मजूर पक्ष अण्वस्त्रे टाकून द्यावी म्हणत होता. तो दणकून हरला. नोव्हेंबर १९८३ मध्ये अमेरिकन क्रूझ क्षेपणास्त्रे ग्रीनहॅम कॉमनच्या तळावर आली. पुढे दोन महिन्यांच्या आत हे चार भाग घराघरांत दाखविले गेले, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती हिरवी गाय.

पुतण्या दुसऱ्या खेपेलाही मिर्काला हसला. आम्हीही हसलो. मग त्याने चित्र थांबवले, मागच्या दोन पायांकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "काका, त्या दिव्यांखाली आत किती उकडत असेल हो?"